मांडवाबाहेर

सुशील शेवटचं वेल्डिंग आटोपून नळावर हात धूत होता, तेवढ्यात बाबांनी चपला काढल्या. भर मे महिन्यात, दुपारी साडेबाराला, माझ्या घराच्या मागच्या अंगणात. पारा पंचेचाळीसच्या वर होता आणि अंगणातल्या फरशीवर मांजरही पाय ठेवत नव्हतं. बाबांनी चपला नव्या मांडवाच्या कडेला नीट जोडीनं ठेवल्या, वाकून जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि आत गेले. आत म्हणजे तरी काय, चार लोखंडी खांब, वर दोन-दोन इंच सोडून बसवलेल्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांच्या सावलीचे खाली पट्टे. त्या पट्ट्यांवरून बाबा अनवाणी या टोकाहून त्या टोकाला गेले, प्रत्येक खांब बोटानं वाजवून पाहिला आणि परत आले. मी धावत जाऊन म्हटलं, "बाबा, चपला काहून काढल्या? पाय भाजतीन ना." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. यात विचारण्यासारखं काय आहे ते त्यांना कळेना. "आत जाऊन राह्यलो ना," ते म्हणाले. तोवर सुशीलनंही गडबडीनं बूट काढून बाजूला ठेवले होते. काकू, इथे देव बसवायचा आहे हे तुम्ही आधी का नाही सांगितलं, असं त्यानं मला हळूच विचारलं. मी त्याला बूट घालायला सांगितलं आणि उरलेलं काम नंतर कर म्हणाले.

बाबांच्या उजव्या तळव्याला दोन फोड आले होते, डाव्याला एक. पंचाऐंशीव्या वर्षीचा तळवा हातात घेतल्यावर कळतं की त्यात कातडं कमी आणि भेगाच जास्त असतात. मी मलम लावत होते आणि ते छताकडे पाहत होते, परक्याच्या पायाला मलम लागत असल्यासारखे. दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाले. त्यांना मांडव आवडला होता, फक्त लोखंड उन्हात वाढतं, त्याला जागा ठेवली आहे का, एवढं त्यांना जाणून घ्यायचं होतं. ठेवली आहे, म्हटलं, एका बाजूची भोकं मुद्दाम लांबट पाडून घेतली आहेत. त्यावर त्यांनी मान हलवली. पाटबंधारे खात्यातल्या माझ्या बत्तीस वर्षांच्या आरेखकगिरीचं बाबांनी केलेलं हे पहिलं कौतुक.

ते फेब्रुवारीत रामटेकहून आले ते डोळ्यांसाठी. इथे नागपुरात, धंतोलीतल्या दवाखान्यात दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, चष्मा झाला, आणि मग विश्वनाथ, माझा धाकटा भाऊ, म्हणाला की ताई, उन्हाळाभर राहू दे त्याले तुयाकडेच. राहिले. पण घरात राहीनात. कूलरच्या आवाजात आपल्याला श्वास ऐकू येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. दिवसभर मागच्या भिंतीच्या सावलीत बसायचे आणि सावली सरकेल तसे खुर्ची सरकवायचे, अकराला सावली संपली की नुसतेच बसायचे. म्हणून मी मांडव घालायला घेतला. सुशील त्याला परगोला म्हणतो आणि त्याच्या मोबाइलमध्ये परगोल्यांचे चाळीस फोटो आहेत, सगळे कुठल्यातरी थंड गावातले. मी त्याला माझा कागद दिला. स्वेच्छानिवृत्तीच्या वेळी मी ऑफिसातून काही आणलं असेल तर ती सगळं कागदावर मांडायची सवय. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, तेव्हा मुरूम लागेपर्यंत खोद. वारा सेकंदाला चव्वेचाळीस मीटर धर. भार खाली येतो त्याची काळजी करू नकोस, वादळात मांडव पडत नाही, उचलला जातो, तेव्हा बोल्ट खेचले जातील असं समजून बसव. सुशील म्हणाला, काकू, घरामागं बसाले जागा करून राहिले का धरण बांधून राहिले. मी हसले. चारही पायांचे खड्डे मात्र मी स्वतः टेप लावून तपासले.

बाबांचे तळवे पुसून हात धुवायला गेले तेव्हा लक्षात आलं, की मी एकदाही मांडवाच्या आत पाय ठेवलेला नाही. बारा दिवस काम चाललं होतं. टेपचं एक टोक मी धरायचे ते बाहेरून, दुसरं सुशील आतून धरायचा. लेव्हल पाहायची तर मी कडेला उभी राहून त्याला वाचायला सांगायची. हे मी ठरवून केलेलं नव्हतं. पायांनी आपापलं केलं होतं. सत्तावन्न वर्षांची, पेन्शन घेणारी बाई, पाळी जाऊन सात वर्षं झालेली, आणि स्वतःच्या अंगणात स्वतःच काढलेल्या नकाशाच्या कडेवर उभी. मला थोडं हसू आलं आणि ते टिकलं नाही.

रामटेकला आमचा पानमळा होता. कपुरी पानाची वेल नाजूक. तिला ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही, आणि आमच्या लोकांच्या समजुतीप्रमाणे विटाळ तर अजिबात सोसत नाही. म्हणून बांबूचा मांडव घालायचा, वर गवत पसरायचं, चारी बाजूंनी तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचे, पडद्यासारखे ताटवे उभे करायचे आणि चपला बाहेर काढून आत जायचं. आत मोठ्यानं बोलायचं नाही, थुंकायचं नाही. बाईनं चार दिवसांत असताना कुंपणाजवळूनही जायचं नाही, आणि एरवीही कारण असेल तरच जायचं. मी लहान असताना आत जायचे. पानं खुडून टोपलीत ओल्या फडक्याखाली लावायचं काम मला यायचं. बाराव्या वर्षी ते बंद झालं, म्हणजे कोणी बंद केलं असं नाही, टोपली विश्वनाथच्या हातात गेली एवढंच. तो तेव्हा सात वर्षांचा होता आणि पानं उलटी लावायचा.

तेरावं वर्ष संपत आलं होतं, वैशाख होता. पाळीचा दुसरा दिवस, आणि मला गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत बसवलेलं. पत्रा दुपारी बोलायचा, कट्‌कट्‌ आवाज करायचा. घरचे सगळे झोपले होते. मी उठून पानमळ्यात गेले. बंड वगैरे नव्हतं ते, नंतरच्या आयुष्यात मी त्याला तसं नाव द्यायचा प्रयत्न करून पाहिला आहे, पण ते बसत नाही. मला गरम होत होतं आणि आत गार होतं. ताटवा सरकवून मी दोन ओळींच्या मध्ये ओल्या मातीत बसले. हिरवा उजेड, पानांचा तिखटसर वास, मानेवर वरून पडलेलं एक गवताचं कूस. अर्धा तास असेन. नंतर मी पुष्कळ ठिकाणी गेले, हिमालयसुद्धा पाहिला, पण तेवढं गार मला पुन्हा कुठे वाटलं नाही. मग उठून खोलीत परत आले. कोणी पाहिलं नाही.

संध्याकाळी वादळ आलं. सकाळी मांडव जमिनीवर झोपलेला होता, वेली खाली आणि बांबू वर. शेजारचे दोन्ही मळे उभे होते. आमचाच पडला, हा मुद्दा निर्णायक ठरला. दुपारी चार म्हातारे येऊन ओसरीवर बसले. घरातलीच कोणी गेली असन, त्यांतला एक म्हणाला. घरात बाया दोनच, आई आणि मी, आणि माझा तर कोणी विचारही केला नाही, कारण मी खोलीत बसलेली होते हे सगळ्या गावाला दिसत होतं. बाबांनी चुलीकडे पाहिलं. आई, मनकर्णा तिचं नाव, फुंकणी हातात घेऊन बसली होती. ती नाही म्हणाली असती तर झालं असतं. तिनं मान खाली घालून चूल फुंकली. एवढ्यावर निकाल लागला. मी दाराच्या फटीतून बघत होते आणि माझ्या तोंडात जीभ होती.

माझे कपडे आई धूत असे. त्या दिवशीच्या माझ्या परकराला मागे चिखल लागलेला होता, वैशाखात, जेव्हा सगळ्या रामटेकात चिखल फक्त पानमळ्यात असतो. तो तिनं धुतला. म्हणजे तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे मला माहीत होतं, आणि यावर आम्ही दोघी तीस वर्षं एक अक्षर बोललो नाही. बाबांनी अडीच महिने तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. दोन वर्षांनी नवा मांडव झाला. आई त्यात कधी गेली नाही. त्यांची भाकर घेऊन यायची, कुंपणाबाहेर ठेवायची आणि हाक मारून परत फिरायची, चाळिशीत, पन्नाशीत, साठीतही, जेव्हा विटाळाचा प्रश्नच उरला नव्हता. बाबा तिला कधी टाकून बोलले नाहीत. ते तसे शांत गृहस्थ. त्यांनी फक्त तिला आत बोलावलं नाही. मला मात्र त्या वादळाचा फायदा झाला. मळा पडला म्हणून मला नागपूरला मावशीकडे पाठवलं, तिथे आयटीआयला घातलं, तिथे मला कळलं की वाऱ्याचा दाब काढायला सूत्र असतं आणि त्या सूत्रात बाई कुठे येत नाही. लग्न करायचं राहून गेलं आणि त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. आईचं वाटत राहिलं. बारा वर्षांपूर्वी ती धंतोलीतल्या एका खाटेवर गेली तेव्हा मी तिचा हात धरून बसले होते. सांगायला वेळ भरपूर होता. मी तिला संत्र्याच्या फोडी सोलून दिल्या.

आता पानमळाही नाही. विश्वनाथ तिथे धान लावतो. मळा गेला, वेल गेली, पण गोष्ट शिल्लक आहे. मागच्या दिवाळीत त्याची मुलगी अपेक्षा, कॉलेजात जाणारी, मला सहज म्हणाली, आत्या, आजीनं आपला मळा बाटवला होता ना? तिच्या आईनं तिला सांगितलेलं, पाळीत देवघरात जाऊ नये म्हणून. हसत म्हणाली ती. मी त्यावर चहा उकळतोय का ते बघायला गेले.

बाबांचे पाय भाजले त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, दाढी करताना त्यांचा आरशातला चेहरा पाहून मी ठरवलं की यांना सांगायचं. पेरणीआधी गावी जायचं, असा बाबांचा हट्ट, म्हणून विश्वनाथ रविवारी गाडी घेऊन त्यांना न्यायला येणार होता. पंचाऐंशी वर्षांचा माणूस रामटेकला गेला की पुन्हा निवांत हाताशी लागेल याची खात्री नाही, आणि लागला तरी तिथे सुनेसमोर मी बोलणार नाही, हे मला माझ्याबद्दल ठाऊक होतं. यांनी आपल्या बायकोबद्दल जे धरून ठेवलं आहे ते घेऊनच हे जाणार, आणि ते खोटं आहे हे जगात फक्त मला माहीत. तेव्हा रविवारच्या आत. बुधवारी सांगायला गेले तर ते पेपरमधला पाऱ्याचा आकडा मोठ्यानं वाचत होते. गुरुवारी सुशील आला, त्यानं वरून हिरवी नेट बांधली, आणि बाबांनी त्याला गाठ कशी मारायची ते दाखवलं. तो म्हणाला, नत्थूकाका, तुमी आमच्याकडं कामाले या. त्यांचा चेहरा इतका उजळला की तो दिवस मी सोडून दिला. सांगणं म्हणजे नेमकं काय करणं, हेही मला नीट कळत नव्हतं. त्यांच्याकडून काय हवं होतं? माफी? ती द्यायचा हक्क असलेलं माणूस तर गेलेलं. मला वाटतं मला फक्त दुसरं कोणीतरी जाणणारं हवं होतं. एकटीनं जाणून असण्याचा कंटाळा आला होता.

शुक्रवारी चारच्या सुमारास पश्चिमेकडून आभाळ पिवळं, मग मातकट झालं. वारा पडला. पाखरं गप्प झाली. मी वरच्या खिडक्या लावून खाली येईपर्यंत वीज गेली आणि धूळ घरात शिरली. बाबा खाटेवर नव्हते. मागचं दार उघडं, आणि ते मांडवात, अनवाणी, भाजलेल्या पायांनी, एका खांबाला दोन्ही हातांनी धरून उभे. मी ओरडले ते मलाच ऐकू आलं नाही. कोणाच्या तरी टाकीचं झाकण अंगणावरून उडत गेलं. नेटच्या दोन गाठी सुटल्या आणि ती फडाफड आपटायला लागली. मी पळत कडेपर्यंत गेले आणि थांबले. खरंच थांबले. डोक्यावर पत्रे उडत होते, आत म्हातारा बाप उभा होता, आणि माझे पाय त्या रेघेपाशी विचारून राहिले होते की जाऊ का. मला स्वतःची किळस आली. मी आत गेले, पायांत चपला होत्या त्या तशाच.

त्यांना ओढून नेणं जमेना. ते खांब सोडीनात. "हात लाव, हात लाव," म्हणत होते. मी खांबाला हात लावला. लोखंड थरथरत होतं, आतून, बारीक, आणि वर पट्ट्यांतून वारा शिट्टी वाजवत जात होता. खांबाचा पाय मात्र जागचा हलत नव्हता. मग मीही सोडलं नाही. दहा-पंधरा मिनिटं आम्ही दोघं तसेच उभे होतो, डोळे मिटून, तोंडात धूळ. पाणी आलंच नाही. चार टपोरे थेंब पडले आणि वारा जसा आला तसा निघून गेला. शेजारच्या आंब्याची एक फांदी कुंपणावर आडवी पडली होती. मांडव होता तिथेच होता.

बाबांनी खाली बसून बोल्टवरून बोट फिरवलं. मग तिथेच फरशीवर टेकले. "बांधलं असलं तं टिकते," ते म्हणाले. मी हो म्हटलं. बराच वेळ ते त्या बोल्टशीच खेळत होते.

"त्या साली मी दोर बदलले नव्हते, बाई."

कोणत्या साली, असं मी विचारलं नाही. मांडवाचे बांबू बांधायचे अंबाडीचे दोर दर वर्षी उन्हाळ्याआधी बदलायचे असतात, एक वर्ष ऊन-पाणी खाल्लं की ते कुजतात, हे पानमळ्यात वाढलेल्या पोराला सांगावं लागत नाही. त्या वर्षी बाबांनी दोर वळायला अंबाडी भिजायलाच घातली नव्हती. काही अडचण नव्हती, आजारपण नव्हतं. "आळस केला," ते म्हणाले. "म्हणलं, एक साल चालते." सकाळी पडलेला मांडव पाहायला गेले तेव्हा तुटलेले दोर त्यांनी स्वतः उचलले, हातात घेताच त्यांचा भुगा झाला, आणि लोक यायच्या आत ते त्यांनी चुलीत घातले. त्याच चुलीसमोर दुपारी आई बसली होती.

मला आधी राग आला. मग सुटल्यासारखं वाटलं, चव्वेचाळीस वर्षांचं ओझं कोणीतरी काखेतून काढून घेतल्यासारखं, आणि लगेच त्या सुटण्याची लाज वाटली. कारण मांडव मी पाडला नाही, हे मला तसं कधीचंच ठाऊक होतं, त्याचं गणित मी विसाव्या वर्षीच मांडलं होतं. मी जे केलं होतं ते दाराच्या फटीत केलं होतं. त्याला दोराचा उपयोग नव्हता.

"बाबा," मी म्हटलं, "त्या दिवशी मी गेली होती आत. बाहेरची असून. माय नव्हती गेली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोतीबिंदू काढलेले डोळे फार स्वच्छ दिसतात, त्यांत लपायला जागा नसते. त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं, धूळ आणखी पसरली. त्यांना वाटत होतं की आई खरंच गेली असेल, आणि दोरही कुजके होते, म्हणजे चूक निम्मी-निम्मी. त्या निम्म्याच्या आधारानं त्यांनी इतकी वर्षं काढली होती. ते तसं म्हणाले नाहीत, मला दिसलं. मग त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, विसनाथले फोन लाव.

मी लावला, स्पीकरवर. बाबांनी फोन तोंडाशी धरला. तिकडे वादळ आलं का विचारलं. म्हशी बांधल्या का विचारलं. अपेक्षा घरी आहे का विचारलं, आहे, समोरच बसली आहे, म्हणाला. मग तुया मायचं एक सांगाचं होतं, असं म्हणून ते थांबले. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि मान वळवली. क्षणभर मला वाटलं, चुलीकडे पाहणारा माणूस हाच. पण फोन आता माझ्या हातात होता.

"विश्वनाथ, मी बोलून राहिली," मी म्हटलं. "अपेक्षालेही ऐकू दे. मायनं मळा बाटवला नव्हता. ती आत गेलीच नव्हती. मी गेली होती. अन्‌ मांडव पडला तो माह्यानंही नाही पडला, दोर कुजले होते, बाबानं बदलले नव्हते. दोघांलेही माहीत होतं आपापलं. दोघंही गप राह्यलो."

पलीकडे कुठेतरी भांडं घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला. फोन कटला की काय म्हणून मी पडद्याकडे पाहिलं, सेकंद पुढे सरकत होते. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मायले माहीत होतं का हे?"

मी चिखल लागलेल्या परकराचं सांगणार होते. त्याआधी बाबा बोलले, फोनकडे न पाहता, खाली फरशीकडे पाहत.

"तिनं दोनदा विचारलं होतं मले, दोर कवा बदलता म्हून," ते म्हणाले. "तिलेच तं सगळं माहीत होतं."